उंदरानं वायरिंग खाल्लं? आधी सेल्फ मारू नका

खानदेशात गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरण्याचे हंगाम ठरलेले आहेत. गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं उघडी पडतात, बांधावरच्या बिळांत खायला काही उरत नाही, आणि उंदीर खळ्याकडे, तिथून घराकडे सरकतो. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसांत काळ्या जमिनीतली बिळं पाण्यानं भरली की दुसरी लाट येते. आणि घरात कापूस साठवलेला असेल तर ऑक्टोबरपासूनच तिसरा हंगाम धरा. भावाची वाट बघत पडवीत छतापर्यंत रचलेला कापूस म्हणजे उंदराला एकाच जागी सगळी सोय: सरकी खायला, रुई अंथरायला. त्या ढिगापासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत मुठीएवढा कापसाचा गोळा, त्यात सरकीची टरफलं, आणि फिल्टरच्या कागदाला आरपार भोक दिसतं.

वायर तो पोट भरायला खात नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडणं त्याला भागच असतं. नव्या गाड्यांत वायरच्या कव्हरमध्ये सोया वापरतात म्हणून उंदीर येतात, असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेत यावरून गाडीमालक कोर्टातही गेले. पण पीव्हीसीच्या जुन्या तारा, विहिरीवरच्या मोटारीची केबल आणि केळीच्या बागेतली ठिबकची नळी यांत कुठे सोया असतो? कंपनीला दोष देऊन उंदीर थांबत नाही. फरक पडलाय तो दुसऱ्या बाजूनं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले, सेन्सर वाढले, तारा वाढल्या आणि बारीकही झाल्या. पूर्वी एक तार तुटली तर हॉर्न वाजत नसे. आता एक तार तुटली तर गाडी जागची हलत नाही.

गुन्हेगार ओळखणंही कामाचं असतं, कारण बंदोबस्त त्यावर ठरतो. तांदळाएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटरच्या टोकदार लेंड्या म्हणजे घरातली उंदरी, लहान जातीचा उंदीर. १२ मिलिमीटरच्या आसपास, थोड्या वाकड्या लेंड्या म्हणजे काळा उंदीर. हा चढण्यात पटाईत, टायरवरून सरळ इंजिनच्या माथ्यावर जातो. जमिनीला ताजी माती उकरलेली असेल आणि फक्त खालच्या बाजूचं वायरिंग गेलं असेल तर घूस. निंबाखाली गाडी असते आणि नुकसान भरदिवसा होतं, तर खारीवर संशय घ्या. चिचुंद्रीला मात्र उगाच मारू नका. ती वास मारते हे खरं, पण ती किडे खाते, वायरिंग नाही.

आता मथळ्यातली गोष्ट. सकाळी गाडी सुरू होत नाही किंवा सुरू होऊन थडथडते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि आपण सेल्फ मारत राहतो. बिल तिथून वाढतं. सोललेल्या दोन तारा एकमेकींना टेकलेल्या असतील तर स्विच ऑन करताच फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, ड्रायव्हर नावाचा भाग जळतो. पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडलेला असेल तर सेल्फ मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि गाडी तीन सिलिंडरवर कशीबशी चालतेय म्हणून चोपड्याहून जळगावपर्यंत रेटली, तर ठिणगी देणाऱ्या कॉइलची तार तुटलेल्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि आतली जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ नेमका हाच असतो. जी तार जोडायला शे-दोनशे रुपयांचं सामान पुरलं असतं, तिच्यापायी पाच आकडी पार्ट जातो.

म्हणून गाडी चार-आठ दिवस उभी असेल तर चावी लावण्याआधी बॉनेट उघडा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आलेल्या आणि आठवडाभर अंगणात उभ्या राहिलेल्या पुण्या-सुरतेच्या गाड्यांना हे जास्त लागू. आधी नाकानं तपासा: पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर तिथेच थांबा. मग टॉर्च घेऊन बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, इंजिनवरचं प्लास्टिक कव्हर, वायपरखालची जाळी आणि बॉनेटच्या आतला फोमचा अस्तर बघा. लेंड्या, शेंगांची टरफलं, मक्याचे दाणे, फोमचा भुगा, कशाचा ना कशाचा माग सापडतोच. भुगा ज्या जागी जास्त, तिथून सगळ्या दिशांना हातभर अंतरातली प्रत्येक तार बघायची. उंदीर एकाच ठिकाणी बसून आवाक्यातलं सगळं कुरतडतो, त्यामुळे एक तुटलेली तार सापडली की शोध थांबवायचा नाही. अर्धवट सोललेल्या तारा तुटलेल्यांपेक्षा जास्त त्रास देतात. त्या आज चालतात, आणि पावसाळ्यात तांबं हिरवं पडून बंद होतात.

तारांबरोबर रबरही बघा: पेट्रोलचे पाइप, डिझेल इंजेक्टरचे बारीक रिटर्न पाइप, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप, वॉशरच्या पाण्याची नळी, कूलंटच्या डब्याचा पाइप. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याचं वायरिंग बऱ्याचदा नुसत्या काळ्या टेपवर सोडलेलं असतं, म्हणून ते आधी जातं. शेवटी ग्लोव्ह बॉक्स काढून एसीचा केबिन फिल्टर ओढून बघा. एसी लावल्यावर मुताचा वास येत असेल तर घरटं तिथेच आहे.

हात घालण्याआधी फोटो काढा. एक दुरून, गाडीचा नंबर दिसेल असा. मग जवळून, तुटलेली टोकं, दातांच्या खुणा आणि लेंड्या एकाच चौकटीत येतील असे. क्लेम करायचा असो वा नसो, फोटो लागतातच. जोडताना कोणती तार कुठे होती हे त्यातूनच कळतं.

साफसफाई, पण कोरडी नाही

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. झाडूनं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं घरटं उडवलं तर सगळी धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून घरट्यावर आणि लेंड्यांवर फवारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कपड्यानं उचलून पिशवीत बांधून टाका. ब्लीच फक्त प्लास्टिकच्या ट्रेवर आणि पत्र्यावर वापरायचं. कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगवर, पडलं तर पिना गंजतात, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. इंजिनवर प्रेशर वॉशर मारू नका. सोललेल्या तारांत शिरलेलं पाणी कपलरपर्यंत ओढलं जातं.

ही पायरी लोक टाळतात आणि महिनाभरात पुन्हा तेच वायरिंग जातं. उंदीर मुताच्या वासानं वाट आखतो. वास राहिला तर पहिला मेला तरी दुसरा त्याच वाटेनं येतो.

जोडणी

बॅटरीची आधी मायनस तार काढायची, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. दहा मिनिटं थांबा. पिवळ्या कव्हरमधलं किंवा पिवळ्या कपलरचं वायरिंग एअरबॅगचं असतं, त्याला हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीतल्या केशरी केबलमध्ये विजेचा जीवघेणा दाब असतो, तिथे तर कव्हरवर दाताची खूण दिसली तरी गाडी टो करूनच न्यायची.

एका गाडीच्या साध्या कामाला सामान फार लागत नाही. ०.५ आणि ०.८५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, दोन-तीन रंगांत, प्रत्येकी दोन मीटर. बट स्प्लाइस, म्हणजे तारांची दोन टोकं दाबून जोडायच्या बारीक नळ्या, वीसेक. आतून गोंद असलेली, तिपटीनं आकसणारी हीट श्रिंक स्लीव्ह दोन मापांत, प्रत्येकी एक मीटर. कापडी हार्नेस टेपचा, म्हणजे तारांचा जुडगा (हार्नेस) गुंडाळायच्या टेपचा, एक रोल. ७ आणि १० मिलिमीटरचा चिरलेला काळा कोरुगेटेड पाइप, दोन-दोन मीटर. वीस केबल टाय. आणि मल्टिमीटर, तो नसेल तर कामाला हातच लावू नका.

घराच्या फिटिंगची वायर वापरू नका, हे वेगळं सांगावं लागतं कारण गावोगाव तीच वापरली जाते. तिचं कव्हर जाड, आतल्या तारा जाड आणि मोजक्या. इंजिनच्या हादऱ्यांनी ती जोडाजवळ तुटते. ऑटो वायरमध्ये बारीक तारा पुष्कळ असतात आणि कव्हर पातळ पण उष्णता सहन करणारं असतं. जाडी मूळ तारेएवढीच घ्या. सेन्सरला साधारण ०.३५ ते ०.५, इंजेक्टर-कॉइलला ०.५ ते ०.८५, हेडलाइटला १.५ च्या पुढे. बारीक वापरली तर तापते. जाड वापरली तर विजेला अडचण नसते, पण स्प्लाइसमध्ये बसत नाही आणि मग मेकॅनिक काही तारा कापून बसवतो.

आता एक जोड जवळून बघू. कुरतडलेलं टोक मागे मागे कापत जायचं, आतलं तांबं नव्या पैशासारखं लाल चमकेपर्यंत. काळं किंवा हिरवट तांबं ठेवलं तर जोड कितीही घट्ट केला तरी महिन्या-दोन महिन्यांत विजेला विरोध वाढतो. कधी चार सेंटिमीटर मागे जावं लागतं, कधी कपलरपर्यंत. तार तोकडी झाली म्हणून ताणून जोडायची नाही, मधे तुकडा घालायचा. दोन जोड झाले तरी चालतील, ताण नको. ७-८ मिलिमीटर कव्हर सोला, एकही बारीक तार तुटता कामा नये. आता स्लीव्ह आधी तारेवर सरकवा. ही आठवण जोड झाल्यावर येते, हे प्रत्येक वायरमनला माहीत आहे. दोन्ही टोकं स्प्लाइसमध्ये घालून रॅचेटच्या क्रिंपिंग पक्कडीनं दाबा, साध्या पक्कडीनं चेंगरू नका. मग एका हातानं ओढून बघा. निघालं तर तेव्हाच निघालेलं बरं. स्लीव्ह मधोमध आणून गरम करा, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की पाण्याचं दार बंद झालं.

पाच-सहा तारा एकाच ठिकाणी तुटल्या असतील तर सगळे जोड एका रेषेत घेऊ नका. प्रत्येक जोड शेजारच्यापासून तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे. नाहीतर तिथे गाठ होते, पाइप बसत नाही, आणि एका जोडाची स्लीव्ह घासली की दोघी टेकतात.

सोल्डर की क्रिंप, यावर गॅरेजमध्ये वाद होतात. चांगलं सोल्डरिंग वाईट नाही, पण कथील तारेच्या आत शोषलं जातं आणि ते जिथे संपतं तिथे तार काडीसारखी कडक होते. हादऱ्यांत नेमकी तिथेच तुटते. ॲसिडवाली पेस्ट लावली असेल तर तांबं आतून सडतं. घरातल्या रेडिओला चालणारी रीत इंजिनवर चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळणं तर मोजतच नाही. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, त्यात बॉनेटखाली, त्या टेपचा गोंद पाघळतो आणि टेप स्वतःहून उलगडते.

काही तारा जोडायच्याच नसतात. ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरची तार चाकाबरोबर सतत वाकते, तिथला जोड टिकत नाही, सेन्सरच बदला. कन्नड घाट उतरताना एबीएस बंद असल्याचं कळणं परवडत नाही. ऑक्सिजन सेन्सरचं तर वेगळंच आहे. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती त्यांच्या तारेतल्या बारीक फटींतूनच आत जाते. तिथे कथील ओतलं किंवा ग्रीस भरलं की सेन्सर गुदमरतो आणि चुकीचं रीडिंग देतो. जोडायचीच असेल तर फक्त क्रिंप. आणि एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची जोडी दिसली तर ती बहुधा कॅन बसची असते. सगळे कंट्रोलर तिच्यावरूनच एकमेकांशी बोलतात. तिची पीळ उगाच सोडायची नाही. जोडापुरता चार-पाच सेंटिमीटर भाग सुटा राहिला तर चालतो, बाकी पुन्हा पिळून घ्यायची. क्रँक किंवा नॉक सेन्सरच्या तारेवर जाळीचं आवरण असेल तर तेही मूळच्यासारखं जोडा, पण आवरण आणि आतली तार टेकू देऊ नका.

रंगावर विसंबू नका. एकाच हार्नेसमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा निघतात. आठ तारांचा गुच्छ तुटला असेल तर वायरिंग डायग्राममधला कपलरचा पिन नंबर घ्या आणि पिन ते पिन मीटर लावून जोडी ठरवा. ईसीयूचा कपलर काढूनच हे करा. आणि तारेच्या कव्हरला टाचणी टोचून तपासू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं.

काम बरोबर झालं हे कसं कळतं

मीटरची बीप ऐकून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. वीस बारीक तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी बीप वाजते. खरी परीक्षा लोडवर होते. दिवा, पंखा किंवा पंप चालू ठेवून जोडाच्या अलीकडे-पलीकडे व्होल्ट मोजा. सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेला ०.१ व्होल्टच्या आत, सप्लायच्या तारेला ०.२ च्या आत, सेल्फच्या जाड केबलला सेल्फ मारताना ०.५ च्या आत फरक हवा. जास्त आला तर जोड पुन्हा करा.

फ्यूज गेला असेल तर नवा घालण्याआधी त्या तारेचा बॉडीशी शॉर्ट आहे का ते मोजा. १० अँपिअरच्या जागी २० चा बसवला की पुढच्या वेळी फ्यूज वाचतो आणि तार जळते.

स्कॅनर लावला तर बिघाडाचे कोड वाचायची एक पद्धत आहे. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर, गाडी सेल्फ घेते पण पेटत नाही. पी ०२०१ ते पी ०२०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट. एकच कोड असेल तर तार शोधायला सोपं. पण एकदम सात-आठ सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर मेले असं समजू नका. पी ०६४१ सोबत असेल तर बऱ्याच सेन्सरना मिळून जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय कुठेतरी बिघडलाय. सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याच्या काढण्यानं ५ व्होल्ट परत येतात, बिघाड त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या फाट्यात. एकही काढून फरक पडला नाही तर हार्नेस बघा. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी बोलणंच तुटलंय. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर कॅनची जोडी अखंड आहे, १२० आले तर कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर दोघी टेकल्यात. काही गाड्यांत मधे गेटवे असतो, तिथे हे माप इंजिनच्या बाजूचं चित्र दाखवत नाही.

गाडी सुरू झाली की इंजिन चालू असताना जोडलेला हार्नेस हातानं हलवून बघा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. थडथडली तर जोड कच्चा. रात्रभर उभी ठेवून बॅटरी उतरते का तेही बघा. गाडी लॉक करून तासाभरानं करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे.

अख्खा हार्नेस बदलायचा का

सर्व्हिस सेंटर बहुधा हेच सुचवतं, आणि त्यांचंही सगळंच चुकत नाही. जोडाची हमी त्यांना द्यायची नसते. पण तीन-चार तारांसाठी अख्खा इंजिन हार्नेस बदलणं म्हणजे ओंबी किडली म्हणून शेत नांगरणं. नुसता पार्ट पाच आकड्यांत, वर डॅशबोर्ड किंवा इन्टेक उतरवायची मजुरी, वर पार्ट येईपर्यंत गाडी उभी. हार्नेस बदलावा असे प्रसंग तीनच: कपलरच्या तोंडाशी तारा गेल्यात आणि पिना मिळत नाहीत, वायरिंग जळून आतपर्यंत वितळलंय, किंवा वीसेक तारा दोन-तीन ठिकाणी गेल्यात. बाकी वेळी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा. चांगला कसा ओळखायचा? क्रिंपिंग पक्कड आणि स्लीव्ह दाखवायला सांगा. टेप पुढे केली तर नमस्कार करून निघा.

विम्याचा हिशेब भावनेनं करू नका. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. पूर्ण पॉलिसीत उंदराचं नुकसान बऱ्याच कंपन्या अपघाती नुकसान म्हणून घेतात, तरी काम उघडण्याआधी कळवून होकार घ्या. त्यातून अनिवार्य वजावट जाते, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा जातो, घसारा न कापणारं झिरो डेप ॲड-ऑन नसेल तर. हार्नेस कोणत्या रकान्यात धरणार हे सर्व्हेअरला आधीच विचारा. आणि इशाऱ्याचा दिवा लागल्यावरही गाडी चालवून इंजिन किंवा कन्व्हर्टर गेला असेल तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारलं जातं.

खरा खर्च नो क्लेम बोनसमध्ये लपलेला असतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम बोनसशिवाय १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ६,००० भरता. क्लेम केला की बोनस शून्य. पुढच्या वर्षी १२,०००, मग २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत जातो: ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६००. दर वर्षी ६,००० च्या वर जे भरलं ते धरलं तर ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, एकूण १५,००० रुपये. गाडीची किंमत घटते तसा आकडा थोडा खाली येईल, पण १२,००० च्या बिलासाठी क्लेम केला तर तोटाच. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित बदलतं.

परत येऊ नये म्हणून

डांबराच्या गोळ्या बॉनेटखाली टाकणं बंद करा. आपल्या उन्हात त्या आठवड्यात उडून जातात, वाफ एसीतून आत येते, आणि एखादी बेल्टमध्ये गेली तर वेगळाच खर्च. रॉकेल रबर फुगवतं. तंबाखू, पुदिन्याचं तेल यांचा वास दोन-चार दिवसांचा. आवाजाच्या मशीनचा परिणाम उंदीर सरावला की संपतो, शिवाय तो आवाज इंजिनच्या आडून पलीकडे जात नाही. तिखटाची टेप मात्र खरी आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनची टेप होंडा अमेरिकेत पार्ट म्हणून विकते. जोडलेल्या भागावर तशी टेप किंवा स्टीलची विणलेली बाही चढवली तर निदान तोच भाग पुन्हा जात नाही.

वायपरखालच्या हवेच्या तोंडाला ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक घराची गंजरोधक लोखंडी जाळी बसवा. उंदरी त्याहून मोठ्या फटीतून सहज शिरते. प्लास्टिकची जाळी म्हणजे त्याला नाश्ता. इंजिनखाली जाळी लावायची तर पंखा, बेल्ट, सायलेन्सर यांपासून अंतर ठेवून आणि पक्की बोल्टनं.

जागा मात्र सगळ्यात महत्त्वाची. कडबा, पळाट्यांचा (कापसाच्या काड्यांचा) ढीग, सरपण, कापूस यांपासून गाडी जमेल तितकी लांब, निदान तीन-चार मीटर मोकळी झाडलेली जमीन मधे ठेवून. काळा उंदीर मीटरभर उडी मारतो, म्हणून टपावर आलेल्या फांद्या छाटा. गाईच्या ढेपेचं पोतं पत्र्याच्या डब्यात. बंद आवार असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवणं हा फुकटातला चांगला उपाय आहे. उंदराला अंधारी, उबदार, झाकलेली जागा हवी असते, ती जाते. बॉनेटचा दिवा असेल तर तो तेवढा बंद करा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली.

विष गाडीजवळ ठेवू नका. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो एसीच्या ब्लोअरमध्ये मेला तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. विषारी उंदीर घुबडाच्या, मांजरीच्या पोटात जातो तो वेगळाच. झिंक फॉस्फाइड शेतातल्या बिळांसाठी आहे, अंगणात नको. त्यापेक्षा चाप लावा. भिंतीला काटकोनात, दाण्याची बाजू भिंतीकडे, चार ते सहा एकदम. आमिषाला भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट चिकटेल असा दाबून. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून तीन-चार रात्री चाप न ताणता नुसतं खाऊ घाला, मग ताणा. पिंजऱ्यात धरलेला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडणं हा जुना व्यवहार आहे, पण तो गल्लीतून परत येतो, कधी शेजाऱ्याचाही घेऊन येतो.

चाप कुठे लावायचे कळत नसेल तर संध्याकाळी चारही टायरभोवती रांगोळीची पांढरी पूड पातळ भुरभुरवा. सकाळी ज्या टायरपाशी पावलं उमटली असतील, उंदीर तिथूनच चढतो. पावलं भिंतीच्या ज्या कडेकडून आली असतील, त्या कडेला त्या रात्री दोन चाप.